प्लॅन छापता तसा सेक्शनही छापा

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला घराचा एक प्लॅन येतो, कधी २० बाय ५० चा प्लॉट, कधी ३० बाय ४०, पूर्वमुखी पश्चिममुखी, हॉल इकडे किचन तिकडे, देवघर ईशान्येला. ते सदर आमच्याकडे फार वाचलं जातं हे मी खात्रीने सांगते, कारण लोक त्याचं कात्रण घेऊनच माझ्या ऑफिसात येतात, टेबलावर ठेवतात आणि म्हणतात ताई सेम असंच पाहिजे, फक्त जिना जरा तिकडे सरकवा. मी अमळनेरला बसून घरांची डिझाइनं करते, कामं धुळे जळगाव नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत असतात. सदराबद्दल माझी तक्रार नाही, उलट लोक घर बांधायच्या आधी कागदावर बघायला लागले हे चांगलंच झालं. तक्रार एवढीच की त्या प्लॅनसोबत सेक्शन कधीच नसतो, प्लॅन असतो आणि शेजारी एलिव्हेशनचं म्हणजे दर्शनी बाजूचं रंगीत चित्र असतं, त्यात जांभळ्या लाइटी आणि दोन नारळाची झाडं, खान्देशात नारळ, असो.

सेक्शन म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भरताचं वांगं वरून कितीही चकचकीत असलं तरी आत काय आहे ते चिरल्यावरच कळतं, तसं घर छतापासून पायापर्यंत उभं चिरायचं, अर्धा भाग बाजूला करायचा आणि उरलेल्या अर्ध्याकडे समोरून बघून चित्र काढायचं. जे कापलं गेलं म्हणजे स्लॅब, भिंत, बीम, पाया आणि खालची जमीनसुद्धा, ते जाड रेघेत, आणि मागे जे नुसतं दिसतंय, दार खिडकी कठडा, ते बारीक रेघेत. झालं. प्लॅनसुद्धा खरं तर असाच एक काप आहे, फक्त आडवा, फरशीपासून साधारण ४ फुटांवर घर कापून वरून बघितलेला. त्या ४ फुटांच्या वर काय चाललंय याचा प्लॅनला पत्ताच नसतो, आणि आपल्या भागात घराचं जे काही बरंवाईट होतं ते बहुतेक त्या वरच्या भागातच होतं.

आता हा सेक्शन आपल्याकडे निघतो कधी, तर परवानगीची फाइल टाकायच्या आदल्या रात्री. प्लॅन फायनल झालेला असतो, घरच्या सगळ्यांचं भांडण मिटलेलं असतं, वास्तुवाले येऊन गेलेले असतात, एलिव्हेशन व्हॉट्सॲपच्या फॅमिली ग्रुपवर फिरून पास झालेलं असतं, आणि मग नियमात लागतो म्हणून ड्राफ्ट्समन जिन्यातून आणि संडासातून एक रेघ मारतो, ए-ए लिहितो आणि सेक्शन काढतो. सगळे मजले १० फूट, सगळ्या खिडक्यांचे सिल म्हणजे खालचा काठ ३ फुटांवर, लिंटेल म्हणजे वरची तुळई ७ फुटांवर, स्लॅब सपाट. जुन्या फाइलमधून कॉपी मारली तरी फरक कळणार नाही आणि मारतातही. म्हणजे ज्या कागदावर घराचा उन्हाळा ठरतो तो कागद सगळ्यात शेवटी, सगळ्यात कंटाळून, सगळ्यात ज्युनियर पोराकडून काढून घेतला जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की हा क्रम उलटा करा, निदान पहिल्या दिवशी प्लॅनची पहिली रेघ मारताना शेजारी बटर पेपरवर सेक्शनचीही पहिली रेघ मारा, कारण सेक्शन डिझाइन करायला वापरायचा असतो, झालेलं डिझाइन दाखवायला नुसता नाही.

उन्हाचंच घ्या ना. मे महिन्यात जळगाव भुसावळला पारा ४५ च्या वर जातो हे मी तुमच्या वाचकांना काय सांगू. ती गर्मी घरात शिरते मुख्य दोन वाटांनी, डोक्यावरच्या स्लॅबमधून आणि पश्चिमेच्या भिंतीतून. पाच इंची आरसीसीचा स्लॅब दुपारभर खाल्लेलं ऊन संध्याकाळपासून खाली ओकायला लागतो, म्हणून तर रात्री १० वाजता पंखा लावला की वरून गरम हवेचा झोत येतो. आता सेक्शन काढून बघा, लिंटेल ७ फुटांवर, स्लॅब १० फुटांवर, मधले ३ फूट. खोलीतली गरम हवा वर जाऊन त्या ३ फुटांत अडकून बसते, बाहेर जायला वाट नाही, आणि नेमका त्याच थरात पंखा लटकवलेला, तो तीच हवा आपल्या अंगावर फेकतो. पूर्वी छताला लागून छोटे झरोके असायचे, जाळीचे व्हेंटिलेटर असायचे, ते गेले, त्या जागी सामानाचा माळा आला, मग पीओपीची सीलिंग आली आणि ते ३ फूट कायमचे बंद झाले. प्लॅनमध्ये हे दिसत नाही हो, कितीही बारकाईने बघा.

लोकांना वाटतं मग उंची वाढवा, ११ फूट करा १२ फूट करा. करा पण आधी हिशोब बघा. १० फुटांच्या मजल्याला ७ इंची पायरीने १७ चढ लागतात, ११ फुटांना १९, म्हणजे जिना दोन पायऱ्यांनी लांबतो, १० इंची पाऊल धरलं तर २० इंच जागा खातो, आणि २० फुटी रुंदीच्या घरात २० इंच म्हणजे बाथरूमचं दार उघडणार की नाही इथपर्यंत गोष्ट जाते. एवढं करून वर हवेला वाट नसेल तर ती वाढीव १ फुटाची गरम हवाच साठवली आपण. नियम राहायच्या खोलीला कमीत कमी २.७५ मीटर उंची मागतो, म्हणजे ९ फूट, आणि माझं स्पष्ट मत आहे की छताजवळ उघडझाप करता येणारा झरोका असलेली आणि गच्चीवर नीट चुना किंवा पांढरा चायना मोझॅक केलेली साडेनऊ फुटी खोली ही बंद डोक्याच्या १२ फुटी खोलीपेक्षा रात्री लवकर निवते. हे सगळे निर्णय सेक्शनवर बसून घ्यायचे आहेत, उंची, पायरी, झरोका, पंख्याची दांडी सगळं एकाच कागदावर एकमेकांशी भांडताना दिसतं.

छज्जाचं तर अजून सोपं आहे, शाळेतली भूमिती. जळगाव धुळे साधारण २१ अक्षांशावर. मार्च आणि सप्टेंबरच्या २१ च्या आसपास दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ६९ अंशांवर असतो, डिसेंबरात साडेपंचेचाळीसवर उतरतो आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात बरोब्बर डोक्यावर येतो, नंतर पावणेदोन महिने चक्क थोडा उत्तरेला असतो. आता दक्षिणेला ४ फूट उंचीची खिडकी काढा, वर दीड फुटाचा छज्जा काढा, आणि सेट स्क्वेअर नाही तर मोबाइलवर कोन बघून छज्जाच्या टोकापासून ६९ अंशांची रेघ खाली सोडा, ती थेट सिलवर येते. म्हणजे मार्चपासून सप्टेंबरपर्यंत भर दुपारी त्या खिडकीत ऊन नाही, आणि डिसेंबरात त्याच छज्जाखालून खिडकीचा अडीच फुटांचा पट्टा उन्हात राहतो, थंडीत पाठ शेकायला. एका रेघेत दोन्ही ऋतू सांभाळले गेले. आता हाच दीड फुटाचा छज्जा पश्चिमेच्या खिडकीवर लावा, लावतातच सगळे, कारण एलिव्हेशनला सारखं दिसलं पाहिजे. मे मध्ये संध्याकाळी ५ ला सूर्य २६ अंशांच्या आसपास असतो, समोरून, आणि ४ फुटांची खिडकी झाकायला छज्जा हवा ८ फुटांचा! आठ फुटांचा छज्जा कोणी काढत नाही, त्याला ओसरी म्हणतात, किंवा मग तिथे उभ्या पट्ट्या पाहिजेत, जाळी पाहिजे, कडुनिंब पाहिजे, नाही तर ती खिडकी तिथे नकोच. मी कितीतरी घरं बघितली जिथे पश्चिमेला मोठ्ठी काच आणि आतून जाड पडदा, वर्षभर बंद. काचेचेही पैसे, पडद्याचेही पैसे आणि उजेडाला ट्यूबलाइट.

आपल्या आजोबांच्या धाब्याच्या घरांचा सेक्शन कोणी कागदावर काढला नव्हता पण तो पक्का होता. वर लाकडाच्या कड्या, त्यावर मातीचा जाड थर, ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि तोवर माणसं खाटा घेऊन धाब्यावर झोपायला गेलेली असायची, म्हणजे ज्या वेळी छत खाली गर्मी सोडायचं त्या वेळी खाली कोणी नसायचंच. मधल्या घरात छताला सानं म्हणजे झरोका, त्यातून उजेडाचा एक झोत यायचा आणि चुलीचा धूर जायचा. भिंत दीड दोन हात जाड, ओटा रस्त्यापेक्षा वर, ओसरी माजघरापेक्षा पायरीभर खाली. हे म्हणताना मला धाब्याच्या घराचं फार कौतुक करायचं नाही, दर पावसाळ्याच्या आधी माती टाकायला कोण येतंय आता, वाळवी लागते, मुसळधार पडला की रात्रभर पातेली मांडा, ज्यांनी ते भोगलंय ते परत जाणार नाहीत आणि बरोबरच आहे. पण स्लॅब आला तेव्हा आपण माती काढली ती काढली, सोबत सानंही बुजवलं, त्याची काही गरज नव्हती.

कोणी म्हणेल हे सगळं गावठी, मॉडर्न घरात चालत नाही. तर आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांचं बघा, त्यांनी १९६१-६२ साली अहमदाबादला, जिथला उन्हाळा आपल्यासारखाच, एक ट्यूब हाऊस केलं होतं, कमी खर्चाच्या घरांच्या स्पर्धेतून आलेलं. साधारण १२ फूट रुंद आणि ६० फूट लांब, म्हणजे आपल्या रो हाऊसपेक्षाही अरुंद. प्लॅन बघितला तर काहीच नाही, एक लांब बोळ. सगळी करामत सेक्शनमध्ये, छत उतरतं, तापलेली हवा त्या उताराला धरून वर सरकते आणि माथ्यावरच्या फटीतून बाहेर पडते, तिची जागा घ्यायला खालून दुसरी हवा आत येते. ते घर १९९५ ला पाडलं पण त्याचा सेक्शन आजही कॉलेजांत शिकवतात. पुढे त्यांनी अहमदाबादलाच पारेख हाऊस केलं, त्यात तर एकाच घरात दोन सेक्शन शेजारी शेजारी ठेवले, एक उन्हाळ्याचा, वर निमुळता होत जाणारा, आभाळाला बंद, दुपारी आत बसायला, आणि दुसरा हिवाळ्याचा, त्याच्या उलटा, आभाळाकडे उघडत जाणारा, थंडीतल्या दिवसांना आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळींना. माणसं ऋतूप्रमाणे घरातल्या घरात मुक्काम हलवणार! आपल्याकडे दुपारी माजघर, संध्याकाळी ओटा आणि रात्री धाबं असं होतंच की. मुंबईची त्यांची कांचनजंगा इमारत, १९८३ ची, तिच्यातही बाहेरून जे दोन मजली उंच खाचा दिसतात त्या शोभेला नाहीत, पश्चिमेचा वारा हवा पण तिकडचं ऊन आणि पाऊस नको म्हणून आत ओढलेल्या ओसऱ्या आहेत, आणि फ्लॅट एकमेकांत वरखाली अडकवलेत. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं संगथ हे ऑफिस थोडं जमिनीत उतरवलेलं, वर कमानी छत आणि त्यावर पांढरे चिनी मातीचे तुकडे, ऊन परतवायला. दोशींना २०१८ ला प्रित्झकर हे आर्किटेक्चरचं मोठं पारितोषिक मिळालं तेव्हा सगळ्या पेपरांत त्यांचा फोटो आला, संगथचा सेक्शन कोणी छापला असेल तर मला दाखवा. फार लांबचं उदाहरण हवं असेल तर आर्किटेक्ट ल कॉर्बुझिएची फ्रान्समधल्या मार्सेची मोठी इमारत, १९५२ ची, तिथे घरं जोडीने एकमेकांत अशी गुंतवलीत की आतला रस्ता दर तिसऱ्या मजल्याला एकच लागतो आणि बहुतेक घरं इमारतीच्या दोन्ही बाजूंना उघडतात. प्लॅनवर डोकं आपटून हे सुचलं नसतं.

आता उलट बाजूचंही सांगते, कारण सेक्शनच्या नावाखाली जे काही इन्स्टाग्रामवरून उतरवतात त्यानेही वैताग आणलाय. डबल हाइट हॉल! नवीन बंगला म्हटलं की डबल हाइट पाहिजेच, २० फूट उंच, झुंबर, वर काचेचा कठडा. सेक्शन काढा, खालची सगळी गरम हवा वर जाते, वर बेडरूमची दारं त्याच मोकळ्या जागेत उघडतात, माथ्यावर बाहेर जायला एक इंचाची फट नाही. मग वरच्या बेडरूममध्ये एसी आणि खाली हॉलमध्ये मोठा एसी, बिल बघून मालक मला फोन करतो, जणू मीच आग्रह केला होता. डबल हाइटला माझा विरोध नाही, माथ्याला उघडता येणारी खिडकी ठेवा, वाऱ्याच्या पाठीकडे, आपल्याकडे उन्हाळा पावसाळ्याचा वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो म्हणजे ती पूर्वेला तोंड करून, मग तेच डबल हाइट घराचं धुराडं होतं आणि कामाला येतं. जिन्याचंही तसंच, जिना हा प्रत्येक घरात फुकट मिळालेला उभा बोळ आहे, गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीला वर जाळी ठेवली की झालं, पण तिथे आपण लोखंडी दार लावून वर टाकी ठेवतो.

आणि केरळची चित्रं बघून सगळीकडून उघडं घर मागणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. केरळचा वारा वेगळा, आपला वेगळा. मे मध्ये दुपारी २ ला आपल्याकडे जे वाहतं त्याला वारा म्हणतात का, झळा असतात त्या. त्या आत घेऊन काय करणार. आपलं घर दिवसा मिटून घ्यायचं आणि रात्री सगळं उघडायचं, खालूनही आणि वरूनही, म्हणजे रात्रभरात भिंती निवतात. त्यामुळे वरचा झरोका खालून दोरीने बंद करता आला पाहिजे, नुसती जाळी बसवून भागत नाही. खाली आणि वर जितकं अंतर जास्त आणि आतल्या बाहेरच्या हवेत जितका फरक जास्त तितकी ओढ चांगली, हे साधं गणित आहे आणि ते मांडायची जागा म्हणजे सेक्शन.

लोकांना सेक्शन कळत नाही असं आमच्या धंद्यातले म्हणतात. मला उलटा अनुभव आहे, प्लॅन कळायला वरून बघायची सवय लागते, सेक्शनमध्ये माणूस उभा असतो, कोणालाही कळतो. एका घराच्या वेळी मालकांच्या आईला मी सेक्शन दाखवला, त्यात खाटेवर बसलेली एक आजी काढली होती, त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, बाई, इथे बसून मला माझी तुळस दिसेल का. बाकी कोणी हा प्रश्न विचारला नव्हता, मुलाने टीव्ही कुठे ते विचारलं होतं. आम्ही तिथेच रेघ मारली. खाटेवर बसल्यावर डोळा ४ फुटांवर, खिडकी खाटेपासून ६ फुटांवर, सिल ३ फुटांवर, घराचा प्लिंथ म्हणजे जोतं २ फूट, अंगणात वृंदावन ३ फूट उंच. नजर सिलवरून जाऊन वृंदावनाच्या माथ्याला टेकेपर्यंत खिडकीच्या बाहेर १२ फूट जावं लागत होतं आणि अंगण होतं जेमतेम ६ फुटांचं, म्हणजे तुळस दिसणार नाही. सिल १ फूट खाली घेतलं, २ फुटांवर, तर तीच नजर खिडकीबाहेर ३ फुटांवरच टेकते. झालं, तुळस दिसली. खर्च काय वाढला, खिडकीची १ फूट जास्त जाळी. हे नंतर लक्षात आलं असतं तर मिस्त्रीचं ठरलेलं वाक्य आहे, ताई भिंत हुई गयी, आते काय करशात.

खान्देशाला सेक्शन नवा नाही, पाण्याच्या बाबतीत तर आपल्या लोकांचं डोकं त्यातच चालायचं. पांझरा नदीवरची फड पद्धत, शेतीला पाणी द्यायची जुनी रीत, बघा, बंधारा कुठे घालायचा, पाट कुठून काढायचा की शेवटच्या फडापर्यंत पाणी आपोआप उताराने जाईल, पंप नाही काही नाही, हा सगळा लेव्हलचा खेळ, वरून नकाशा बघून जमणारा नाही. १८८४ ला सरकारी बांधकाम खात्यात लागलेले तरुण विश्वेश्वरय्या सुरुवातीला आपल्या धुळ्याकडेच होते आणि पांझरेच्या पात्रापलीकडे पाणी न्यायला त्यांनी पाइपचा सायफन केला, म्हणजे खाली उतरून पलीकडे परत वर चढणारा पाइप, सायफन प्लॅनमध्ये काढून दाखवा बरं, एक सरळ रेघ दिसेल फक्त. जुन्या खान्देशची राजधानी बऱ्हाणपूर, तिथला कुंडी भंडारा १६१५ च्या सुमाराचा, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्याने उतारावर शहराकडे आणलेलं आणि वर ओळीने कुंड्या. जमिनीवरून गेलात तर नुसती विहिरींची रांग, चिरून बघाल तेव्हा कळतं की त्या सगळ्या खालून एक आहेत. अजिंठ्याची चैत्य लेणीही तशीच, अर्धवट राहिलेल्या लेण्यांत दिसतं की काम छतापासून खाली खोदत आणलंय, म्हणजे छताची उंची आणि स्तूपावर उजेड टाकणारी दारावरची मोठी कमान हे पहिल्या घावाच्या आधी ठरलेलं असणार, वरचा दगड एकदा गेला की गेला.

आणि आज आपण काय करतो, तर रस्ता. आमच्या गल्लीत जुन्या डांबरावर नवं डांबर, त्यावर काँक्रीट, रस्ता चढत चढत ओट्याच्या बरोबरीला आला. जी घरं बांधताना २ फूट प्लिंथ होता ती आता खड्ड्यात, पहिल्या पावसात पाणी दारातून आत. लोक दारात विटांचा उंबरा घालतात, मग सायकल चढत नाही म्हणून उतार करतात, त्या उताराचं पाणी शेजाऱ्याकडे, मग भांडण. कामाच्या बोर्डावर लांबी रुंदी आणि रक्कम लिहिलेली असते, जाडी आणि जुन्या रस्त्याचं काय केलं ते नसतं. नुसता रस्त्याचा सेक्शन नको, दोन्ही बाजूंची घरं, त्यांचे उंबरे, गटार आणि मधला रस्ता असा पूर्ण गल्लीचा एक सेक्शन काम सुरू व्हायच्या आधी चौकात लावला तर कोणाच्या घरात पाणी जाणार हे दुसरी नापास माणूससुद्धा बोट ठेवून सांगेल. बहुधा म्हणूनच लावत नाहीत.

नवीन पोरं म्हणतात मॅडम आता सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल बनवलं की सेक्शन आपोआप निघतो, कुठेही काप, एक क्लिक. निघतो की, पण तो तुम्ही आधीच जे केलंय तेच कापून दाखवणार. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी पेन्सिल देते, १:५० च्या मापाला, आणि सांगते भिंती नंतर, पहिल्यांदा जमीन काढ, जशी आहे तशी, उतारासकट, मग शेजारच्याची भिंत काढ, रस्ता काढ, साडेपाच फुटांचा एक माणूस काढ आणि एक बसलेला काढ, मग डिसेंबर मार्च आणि मे ची संध्याकाळ अशा सूर्याच्या तीन रेघा मार. एवढं झाल्यावर छत कुठे पाहिजे ते बरंचसं आपोआप सुचतं. आणि काप कुठे घ्यायचा हे सोयीने ठरवायचं नाही, जिथे घराचं सगळ्यात अवघड चाललंय तिथून घ्यायचा, पश्चिमेच्या बेडरूममधून, किचनच्या डक्टमधून, म्हाताऱ्या माणसाच्या खाटेवरून. उताराच्या प्लॉटवर, धडगाव तोरणमाळकडे असे प्लॉट खूप, अर्धा मजला वर अर्धा खाली केलं तर भरावाचे पैसे वाचतात आणि जिन्याच्या मधल्या लँडिंगलाच खोली लागते, हे सेक्शन काढणाऱ्याला दहा मिनिटांत दिसतं, प्लॅनवाला मात्र ट्रॅक्टरने मुरूम मागवत बसतो.

तर संपादक साहेब, मागणी छोटी आहे. जो प्लॅन छापता त्याच्या खाली त्याच मापात एक सेक्शन छापा, एलिव्हेशनचं चित्र जरा लहान करा, नारळ काढलेत तरी चालतील. त्यात कापलेलं जाड आणि मागचं बारीक दिसू द्या, नाही तर छपाईत सगळं सारखंच काळं होतं आणि वाचणाऱ्याला काही कळत नाही. जमीन आणि रस्ता दाखवा, घर हवेत तरंगतं छापू नका. उंच्यांचे आकडे फुटांत लिहा, मिलिमीटर मिस्त्रीला नको असतात. एक माणूस उभा ठेवा. आणि काप उत्तर दक्षिण आहे की पूर्व पश्चिम हे कोपऱ्यात न विसरता लिहा, कारण लोक कात्रण घेऊन येतात, प्लॉट फिरलेला असतो, आणि दक्षिणेसाठी काढलेला छज्जा पश्चिमेला लावून मोकळे होतात.

पहिले दोन चार सेक्शन काढून द्यायला मी तयार आहे, मानधन नको, फक्त छापताना उभा कागद आडवा करू नका.

कळावे,
आपली एक वाचक, अमळनेर
(नाव छापू नये)